दाताच्या एक्सरेत जबड्याबाहेर पांढरा ठिपका दिसला तर काय समजायचं?

कागल : दाढ ठणकायला लागली की आधी लवंग होते, मग मेडिकलमधली गोळी होते आणि तरीही रात्रभर झोप लागेना म्हटल्यावर माणूस दातांच्या दवाखान्याची पायरी चढतो. डॉक्टर तोंडात बघतात आणि ‘ओपीजी काढून आणा’ म्हणून चिठ्ठी देतात. ओपीजी येते, दाढेचं काम होतं, फिल्म पाकिटात आणि पाकीट कपाटात जातं. त्या फिल्मवर दाढेशिवाय आणखीही बरंच असतं, पण ते विचारायचं कुणाला सुचत नाही. कधी तरी घरातलं शिकलेलं पोरगं फिल्म उजेडाकडे धरतं आणि विचारतं, ‘जबड्याच्या खाली हे पांढरं काय आहे?’ मग घरात घबराट होते. कुणी कॅन्सर म्हणतं, कुणी गाठ म्हणतं.

बहुतेक वेळा यातलं काहीच नसतं. पण काही ठिपके असे असतात, की त्यांच्यामुळे पुढचा लकवा टळू शकतो. म्हणून घाबरायचं कशाला आणि धावायचं कशाला, हे वेगळं करता आलं पाहिजे.

ओपीजी म्हणजे दोन्ही जबड्यांचा एकत्र, पसरून काढलेला एक्सरे. रुग्ण उभा राहतो, हनुवटी टेकवतो, पुढच्या दातांत छोटी पट्टी धरतो आणि मशीन डोक्याभोवती फिरतं. पंधरा-वीस सेकंदांत काम होतं. ही पद्धत फिनलंडच्या पातेरो नावाच्या दंतवैद्याने १९५० च्या आसपास घडवली. किरण फार नसतात, निसर्गातून आपल्याला तीन-चार दिवसांत जेवढे मिळतात साधारण तेवढेच. फिल्मवर दात आणि जबडा तर येतोच, शिवाय नाकाच्या बाजूच्या पोकळ्या, कानापुढचा सांधा, मानेचे वरचे मणके आणि गळ्याचा काही भागही येतो. हाड पांढरं दिसतं, हवा काळी दिसते. मांस, ग्रंथी, रक्तवाहिन्या जवळपास दिसतच नाहीत. त्यामुळे जिथं हाड नाही तिथं पांढरं दिसलं, तर मऊ भागात कॅल्शियम साचलं आहे असा त्याचा अर्थ.

ठिबक वापरणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. बोअरचं पाणी जड असलं की दोन-तीन हंगामांत लॅटरलच्या आत क्षार बसतात, ड्रीपर चोंदतात, मग आम्लाने धुवावं लागतं. शरीरातही जिथं प्रवाह मंदावतो, जिथं जुनी सूज होऊन गेली आहे किंवा जिथं पेशी मेल्या आहेत, तिथं कॅल्शियमचे क्षार बसत जातात. फरक एवढाच, की ते बाहेरून आम्ल सोडून धुता येत नाहीत. आणि बहुतेकांच्या रक्तातलं कॅल्शियम अगदी ठीक असतं. दोष त्या जागेचा असतो, रक्ताचा नसतो. त्यामुळे ‘तंबाखूला चुना लावतो म्हणून खडा झाला’ हा गावातला हिशेब बरोबर नाही. तंबाखूचं नुकसान वेगळं आहे, ते पुढे येईलच.

आधी एक गोष्ट साफ करून घेऊ. ठिपका जबड्याच्या हाडात आहे की हाडाबाहेर, हा पहिला प्रश्न. हाडातल्या पांढऱ्या गाठींचा विषय निराळा. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात जुलै २०१४ मध्ये एका १७ वर्षांच्या मुलाच्या जबड्यातून दातासारखे २३२ तुकडे काढले होते, ती बातमी देशभर गाजली. ती हाडाच्या आत दात बनवणाऱ्या पेशींची गाठ होती. इथं बोलायचं आहे ते हाडाबाहेरच्या साठ्याबद्दल. अडचण अशी, की ओपीजी हा सपाट फोटो आहे. समोरची वस्तू आणि मागची वस्तू एकावर एक छापली जाते. टॉन्सिलमधला खडा जबड्याच्या हाडात असल्यासारखा दिसतो आणि जिभेखालचा खडा दाढेच्या मुळाशी असल्यासारखा वाटतो. म्हणून जाणकार डॉक्टर एका फिल्मवर निकाल देत नाहीत. दुसऱ्या कोनातून एक्सरे घेतात, बोटाने चाचपून बघतात, गरज पडली तर सोनोग्राफी किंवा थ्रीडी स्कॅन सांगतात.

फसवे ठिपके

कानातली कुडी, वेल, बुगडी, नाकातली नथ, गळ्यातली ठुशी हे सगळं काढूनच ओपीजी काढायची असते. बायका ‘राहू दे की, दाताचाच तर फोटो आहे’ म्हणतात. पण एका कानातला दागिना फिल्मवर दुसऱ्या बाजूला, थोडा वर, मोठा आणि धूसर असा पुन्हा उमटतो. त्याला भुताची सावली म्हणतात. अशी सावली जबड्यावर पडली तर आजार नसताना आजार दिसतो, किंवा खरा आजार झाकला जातो.

शिवाय निसर्गाने दिलेल्या काही वस्तूही तिथं असतात. जिभेच्या मुळाशी घोड्याच्या नालेसारखं एक छोटं हाड असतं, ते फिल्मच्या खालच्या भागात दोन्ही बाजूंना दिसतं. स्वरयंत्राच्या कूर्चा वयानुसार कडक होतात आणि दिसायला लागतात. त्यातलीच एक कूर्चा गव्हाच्या दाण्याएवढी असते, तिचं लॅटिन नावही गव्हावरूनच पडलं आहे. हा गव्हाचा दाणा मानेच्या धमनीच्या अगदी शेजारी येतो आणि नवख्या डोळ्याला धमनीतला साठा वाटतो. फिल्म वाचणं हे शिकून येणारं काम आहे, ते असं.

जेवताना फुगणारी गाठ

आपल्याकडे लोकांना त्रास देऊन दवाखान्यात आणणारा साठा म्हणजे लाळेच्या ग्रंथीतला खडा. लक्षण इतकं ठरावीक आहे, की नुसतं ऐकून ओळखावं. माणूस जेवायला बसतो, पहिला घास तोंडात जातो आणि जबड्याखाली एका बाजूला लिंबाएवढी गाठ फुगते, ताण येतो, दुखतं. जेवण झालं की तासा-दोन तासांत ओसरते. आंबट खाल्लं, लोणचं नुसतं समोर आलं तरी होतं. कारण सरळ आहे. लाळ तयार होते, पण नळी खड्याने अडलेली असते. मोटर चालू आणि व्हॉल्व्ह बंद.

असे शंभर खडे घेतले तर त्यातले ८० ते ९० जबड्याखालच्या ग्रंथीचे असतात. कानापुढच्या ग्रंथीचे थोडे. जबड्याखालच्या ग्रंथीची लाळ घट्ट असते, त्यात कॅल्शियम जास्त असतं आणि तिची नळी लांब असून खालून वर चढते. उपसा योजनेच्या पाइपात चढावर गाळ बसतो, तसाच प्रकार. पाणी कमी पिणाऱ्याची लाळ आणखी घट्ट होते. काही औषधांनीही तोंड कोरडं पडतं. जड पाण्यामुळे खडा होतो अशीही समजूत आहे, पण इंग्लंडमध्ये झालेल्या पाहणीत पाण्याचा जडपणा आणि लाळेचा खडा यांचा संबंध सापडला नाही.

गावात या गाठीला हमखास ‘गालगुंड’ म्हणतात आणि गेरू लावतात, किंवा दाढेची सूज समजून अँटिबायोटिक घेतात. गालगुंडात ताप येतो, सूज सहसा कानाखाली असते, काही दिवस राहते आणि जाते. खड्याची सूज जेवणाच्या घड्याळावर येते-जाते आणि महिनोन्‌महिने पाठ सोडत नाही. दाढेचं म्हणावं तर गोळ्यांनी चार दिवस बरं वाटतं आणि पुन्हा तेच. चांगली दाढ उगाच निघण्याची वेळ इथंच येते.

ओपीजीत हा खडा जबड्याच्या खालच्या कडेला, कोपऱ्याच्या जरा पुढे दिसतो. गोल किंवा चिंचोक्यासारखा लांबट, कडा गुळगुळीत. नळीत पुढे सरकलेला असेल तर दातांच्या मुळांवर छापला जातो. अशा वेळी फिल्म दातांत आडवी धरून खालून वर एक्सरे घेतात, त्यात जिभेखालचा भाग मोकळा दिसतो. पण जबड्याखालच्या ग्रंथीतले पाचातला एक खडा एक्सरेत दिसतच नाही, कारण त्यात कॅल्शियम पुरेसं बसलेलं नसतं. कानापुढच्या ग्रंथीत न दिसणाऱ्यांचं प्रमाण याहून जास्त. म्हणून ‘एक्सरे नॉर्मल आहे’ एवढ्यावर थांबू नये. जेवताना फुगत असेल तर सोनोग्राफी करावी.

खडा लहान आणि नळीच्या तोंडाशी असेल तर भरपूर पाणी, बाहेरून मागून पुढे हळुवार चोळणं, लिंबाची फोड चघळणं, यानेही निघून येतो. मोठा असेल तर जीभेखाली भूल देऊन छोटा छेद घेऊन काढतात. मोठ्या शहरांत नळीत दुर्बीण घालून काढायची सोय आहे. खडा ग्रंथीत खोल रुतला आणि ग्रंथी वारंवार पिकून निकामी झाली असेल तरच मानेतून ग्रंथी काढायची वेळ येते. उशीर केला की काम वाढतं, ते असं. आणि जिभेखाली पू, ताप, तोंडाचा तळ वर उचलला गेला, जीभ मागे ढकलल्यासारखी वाटते, गिळता येईना, श्वास अडकतोय, असं झालं तर सकाळची वाट बघायची नाही. सरळ १०८ ला फोन करायचा.

मानेच्या कोपऱ्यातला ठिपका

आता सगळ्यात महत्त्वाचा. जबड्याचा कोपरा, म्हणजे कानाच्या पाळीखाली बोटाला लागणारं टोक. तिथून खाली आणि मागे, बोट-दीड बोटाच्या अंतरावर, मानेच्या तिसऱ्या-चौथ्या मणक्याजवळ, मेंदूला रक्त नेणारी मोठी धमनी दोन फाट्यांत विभागते. कॅरोटिड तिचं नाव. ऊस बागेच्या पाटाला फाटा फुटतो तिथं जसा गाळ बसतो, तसा या फाट्याशी चरबीचा थर बसतो आणि पुढे त्यात कॅल्शियम जमतं. ओपीजीच्या अगदी खालच्या कोपऱ्यात, उभ्या तुटक रेघा किंवा खडूचा चुरा सांडल्यासारखं दिसतं.

अमेरिकेतल्या फ्रिडलँडर आणि लँड या दोघांनी १९८१ मध्ये पहिल्यांदा मांडलं, की दातांसाठी काढलेल्या ओपीजीत हा साठा दिसतो आणि त्यावरून लकव्याचा धोका असलेला माणूस आधी ओळखता येईल. तोवर हा कोपरा कुणी बघतच नव्हतं. त्यानंतर देशोदेशी पाहण्या झाल्या. सर्वसाधारण लोकांच्या ओपीजीत शंभरात तीन ते पाच जणांत तो आढळतो असं सांगितलं जातं. मधुमेह, रक्तदाब, जुना किडनीचा आजार असणाऱ्यांत आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत जास्त.

कागल, मुरगूड, निपाणीच्या पट्ट्यात या वाक्याचं वजन वेगळं आहे. निपाणी म्हणजे तंबाखू आणि विडीचं गाव. इकडच्या घराघरांत मिसरी लावणाऱ्या म्हाताऱ्या आहेत आणि बांधावर बसून विडी ओढणारी माणसंही आहेत. धुरामुळे धमनीचं आतलं अस्तर खराब होतं, हे तर पक्कं आहे. आणि मिसरीने हिरड्या सैल झाल्या, दात हलायला लागले, की हीच माणसं साठीच्या आसपास दात काढायला किंवा कवळी बसवायला येतात. म्हणजे ज्यांच्या मानेत साठा असायची शक्यता जास्त, त्यांचीच ओपीजी निघते. आयती तपासणी झालेली असते, फक्त फिल्मचा तो कोपरा कुणीतरी बघायला हवा.

दिसला म्हणजे लकवा येणारच असं नाही. ओपीजीवरून धमनी किती अरुंद झाली हे कळत नाही. त्यासाठी मानेची डॉपलर सोनोग्राफी करतात, तिला सुई नाही, किरण नाहीत. उलट बाजूही खरी आहे. ओपीजी स्वच्छ आली म्हणून धमनी स्वच्छ असंही नाही, कारण नुसती चरबी बसलेली असेल आणि कॅल्शियम नसेल तर ती दिसत नाही. त्यामुळे धमनी बघायला म्हणून ओपीजी काढायची नसते. दातांसाठी काढलीच आहे तर बघून घ्यायची, एवढंच.

ठिपका आढळला तर रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल तपासायचं. तीस वर्षांवरच्या माणसाचा रक्तदाब आणि साखर प्राथमिक आरोग्य केंद्रात, उपकेंद्रात फुकट बघतात. मग फिजिशियनकडे फिल्म घेऊन जायचं. बहुतेकांना गोळ्या, विडी बंद आणि वर्षा-दोन वर्षांनी डॉपलर एवढंच लागतं. शस्त्रक्रियेचा विचार होतो तो मुख्यतः अरुंदपणा फार असेल आणि त्याची लक्षणं दिसून गेली असतील तर. अॅस्पिरिन चांगली म्हणून मनाने सुरू करू नये. आणि आधीपासून चालू असेल तर दात काढायचा म्हणून मनाने बंदही करू नये, दोन्ही डॉक्टरांना विचारावं.

लक्षणं दिसून जातात ती अशी : पाच-दहा मिनिटं तोंड वाकडं झालं, हातातला विळा गळून पडला, बोलता बोलता जीभ जड झाली किंवा एका डोळ्यापुढे पडदा आला आणि परत नीट झालं. ‘जरा चक्कर आली होती’ म्हणून माणूस विसरतो. हा इशारा असतो. आणि ते परत नीट झालंच नाही, म्हणजे आपण म्हणतो तसं अंगावरून वारं गेलं, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. पाला बांधणाऱ्याकडे गेलेला वेळ त्यातूनच वजा होतो. कागलहून कोल्हापूर हायवेने वीसेक किलोमीटर. सीटी स्कॅन असलेलं मोठं रुग्णालय गाठायला तेवढा वेळ पुरतो, निघालं तर.

बाकीचे

टॉन्सिलमधले खडे सगळ्यांत जास्त सापडतात. जबड्याच्या उभ्या भागावर, मध्याच्या आसपास, ज्वारीचे दाणे विखुरल्यासारखे. वारंवार घसा धरणाऱ्यांच्या टॉन्सिलच्या खाचांत अन्नकण, पेशी आणि जंतू अडकून ते होतात. तोंडाला घाण वास येतो, घशात काहीतरी टोचल्यासारखं वाटतं, कधी खोकल्याबरोबर पिवळट कण बाहेर पडतो. त्रास नसेल तर काहीच करायचं नसतं. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या पुरतात. काडीने उकरू नये, तिथं रक्तवाहिन्या भरपूर आहेत.

जबड्याच्या कोपऱ्याखाली फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा ओबडधोबड पांढरा गोळा, किंवा तशी ओळच, दिसली तर ती बहुधा जुन्या टीबीची गाठ. जुनी माणसं तिला गंडमाळा म्हणायची. बरी होताना गाठीत कॅल्शियम बसतं, म्हणजे ती बहुतेक वेळा जखमेची खूण असते. पण सोबत नवी गाठ, संध्याकाळचा ताप, वजन उतरणं असेल तर सरकारी दवाखान्यात टीबीची तपासणी करावी. तपासणी आणि औषधं मोफत आहेत. पूर्वी कॅन्सरचा उपचार झालेल्याने मात्र अशी गाठ स्वतःहून डॉक्टरांना दाखवावी.

कानामागून खाली पुढे येणारी लांब पांढरी काडी दिसली तर तो कवटीच्या तळाचा एक सुळका आणि त्याचा कडक झालेला पट्टा. साधारण तीन सेंटीमीटरच्या वर गेला तर लांब समजतात. शंभरात बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. मोजक्यांना गिळताना, मान वळवताना घशात हाड अडकल्यासारखं दुखतं, कानात कळ येते. १९३७ मध्ये ईगल या डॉक्टरने हा त्रास नोंदवला, म्हणून त्याचंच नाव पडलं. दाढ दुखते म्हणून आलेल्या माणसाची कधी कधी दाढ नसते, हा सुळका असतो.

गालात कांद्याच्या चकतीसारखी गोल रिंगणं असलेले ठिपके दिसले, आणि गालावर किंवा आत निळसर मऊ फुगवटा असेल, तर तो रक्तवाहिन्यांचा गुंता असतो. इथं दाढ काढण्याआधी डॉक्टरांना हे माहीत असणं फार गरजेचं, रक्त थांबता थांबत नाही. गालाच्या किंवा मानेच्या स्नायूंत तांदळाच्या दाण्यासारखे बरेच ठिपके असतील तर फीतकृमीचा संसर्ग होऊन गेल्याची शंका घेतात, आणि त्या माणसाला कधी फिट आली होती का हे विचारतात.

फिल्म घेताना आणि ठेवताना

ओपीजीचं मशीन प्रत्येक दवाखान्यात नसतं. बऱ्याच ठिकाणी एका दाताचा छोटा एक्सरेच निघतो आणि त्यात या गोष्टी दिसत नाहीत. ओपीजी काढली तर रिपोर्ट लेखी मागावा. आजकाल फिल्मचा मोबाईलने फोटो काढून व्हॉट्सअॅपवर पाठवतात, त्यात बारीक साठा पुसला जातो, आणि फोटो काढताना नेमके खालचे दोन कोपरे कापले जातात. सेंटरवाल्याकडून मूळ फाइल मागून घ्यावी. फिल्म वाचण्याचा दंतवैद्यकात वेगळा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे आणि दंत महाविद्यालयांत त्याचा स्वतंत्र विभाग असतो. कोल्हापूर जिल्ह्यात नवे पारगावला तात्यासाहेब कोरे दंत महाविद्यालय आहे. शंका असेल तर तिथं फिल्म घेऊन जाता येतं.

थ्रीडी स्कॅनमध्ये साठा नेमका कुठं आहे हे कळतं, पण किरण ओपीजीच्या कित्येक पट असू शकतात आणि पैसेही जास्त. ठिपका दिसला की लगेच स्कॅन, असं करायची गरज नसते. गरोदर बाईने एक्सरेआधी तसं सांगावं, अगदी निकड असेल तरच काढतात.

जुन्या फिल्म टाकू नयेत. पाच वर्षांपूर्वीच्या फिल्मवर तोच ठिपका तेवढाच असेल तर डॉक्टरांचं अर्धं काम होतं. फिल्म चुलीजवळ, पत्र्याच्या उन्हात किंवा ओलीत ठेवली की काळवंडते. पाकिटावर नाव, वय, तारीख आणि कुठल्या बाजूची दाढ दुखत होती ते पेनने लिहून ठेवावं. पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना रेशनकार्ड-आधार सोबत घेतो तसं ते पाकीट पिशवीत टाकावं, आणि खुर्चीवर बसल्यावर एवढंच विचारावं, ‘डॉक्टरसाहेब, दाढ तर बघितलीच, पण खालचे दोन्ही कोपरेही बघितले काय?’